मखराचा पडदा झाडांच्या रंगात: फोंड्यातल्या साडेचार महिन्यांच्या नोंदी

दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या मखराच्या मागे बाजारातला चकचकीत पडदा लागतो. वर माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, रानातली खरी फळं आणि मागे प्लास्टिकच्या धाग्याचं कापड, हे मला बरीच वर्षं सलत होतं. २०२५ च्या चवथीसाठी पडदा घरी रंगवायचा, आणि रंग झाडांचेच वापरायचे, असं ठरवलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. रसायनशास्त्र माझं नाही, ते पुतणीचं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोंदी चुकांसकट ठेवल्या आहेत. मला जे वाचायला मिळालं त्यात ‘इतके ग्रॅम घाला, सुंदर रंग येतो’ एवढंच होतं, आणि आमच्याकडे तो रंग कितीतरी दिवस आला नाही.

१३ एप्रिल, रविवार

पांढरं सुती खादी कापड ८ मीटर, पन्हा ४४ इंच, २४० रुपये मीटरने १,९२० रुपये. सहा मीटर पडद्याला, दोन मीटर चाचण्यांना. सहा मीटरचं सुकं वजन ८८० ग्रॅम भरलं. हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला, कारण पुढची सगळी मापं सुक्या कापडाच्या वजनावरच काढायची आहेत.

आराखडा असा: मधला अडीच मीटरचा भाग पिवळा, त्यावर काळ्या रेषेत माटोळीची फळं. नारळ, सुपारीचं शिप्टं, आंबाडे, कवंडळं, घागऱ्यो, माट्टीची फळं, तोरिंग. दोन्ही बाजूंना एकेक मीटर हिरवं. उरलेल्या दीड मीटरच्या लाल पट्ट्या काठाला.

१४ एप्रिल

कापड धुण्याच्या सोड्यात उकळलं, ४० ग्रॅम सोडा. अर्ध्या तासाने काढलं. पाणी चहासारखं झालं होतं, त्यामुळे काम झालं असं वाटलं. पण सुकल्यावर वर पाण्याचा थेंब टाकला तर काही ठिकाणी तो मोत्यासारखा तसाच उभा. खळ आणि कापसाचं मेण अजून निघालेलं नव्हतं. पुन्हा दोन तास उकळलं. आता थेंब टाकल्याबरोबर शोषला जातो. थेंबाची ही परीक्षा कापडाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये करायची. फक्त एका ठिकाणी करून भागत नाही.

२० एप्रिल, रविवार

उन्हाची परीक्षा सुरू केली. कोणता रंग टिकतो हे आधी बघून मगच पडद्याला हात लावायचा. रंग धाग्याला धरावा म्हणून आठ पट्ट्यांना आधी हिरडा दिला, मग तुरटी. त्यातल्या सहा हळद, भिरंडं (कोकमं), गेल्या दसऱ्याची सुकवलेली झेंडूची फुलं, फणसाच्या लाकडाचा भुसा, मंजिष्ठा आणि कांद्याची सालं यांच्यात रंगवल्या. सातव्या पट्टीवर माट्टीची साल. आठवी नुसती हिरड्याची. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. साल उभ्या झाडाची सोललेली नाही, गेल्या पावसात मोडून पडलेल्या फांदीची आहे. उभ्या झाडाची साल काढून रंग करायचा असेल तर माझ्या लेखी तो रंग करूच नये.

सगळ्या पट्ट्या अर्ध्या पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर लावल्या.

दोन गोष्टी लिहून ठेवते. हिरडा दिलेलं कापड लोण्याच्या रंगाचं व्हायला हवं होतं, ते राखाडी झाकेचं आलं. हिरड्याचा रंगच असा असेल, असं समजले. फणसाचा पिवळाही मळका आला. मेस्तने (सुताराने) भुसा जुना दिला असावा म्हणून सोडून दिलं. ही दोन दुर्लक्षं पुढे पाच आठवड्यांना पडली.

४ मे, रविवार

काळ्या रेषेसाठी लोखंडाचं पाणी लावलं. गंजके खिळे आणि घोड्याची जुनी नाल मिळून अर्धा किलो, १०० ग्रॅम गूळ, तीन लिटर पाणी, मातीच्या मडक्यात. तोंडाला फडकं बांधून गोठ्याच्या मागे ठेवलं. तीन आठवडे लागतील. कलमकारीवाले, म्हणजे कापडावर कलमाने चित्रं काढणारे, काळ्यासाठी हेच वापरतात.

११ मे, रविवार

एकवीस दिवसांनी पट्ट्यांवरचे पुठ्ठे काढले. हळद उघड्या बाजूला जवळजवळ पांढरी. ती खरं तर पाचव्या दिवशीच गेली होती. भिरंडाचा गुलाबी तर ऊन लागण्याआधीच, पहिल्या धुण्यात साबण लागला तसा निळसर राखाडी झाला आणि नंतर पुसला गेला. पुतणी म्हणाली, “काकी, हा रंग आंबट-खाऱ्यावर फिरतो, जास्वंदीसारखा. कापडावर तो थांबायचाच नाही.” सोलकढीचा तो रंग मला लाल पट्ट्यांसाठी हवा होता. वाईट वाटलं, पण प्रश्न मिटला.

कांदा आणि झेंडू थोडे तपकिरीकडे गेले. फणस किंचित तांबूस. माट्टी आणि हिरडा जवळजवळ होते तसेच. मंजिष्ठेची झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी धरली तर फरक शोधावा लागतो. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, त्याचा रंग मंजिष्ठेच्याच कुळातल्या मुळांचा होता, हे पट्टी हातात धरल्यावर पटलं.

लाल मंजिष्ठेचा, पिवळा फणसाचा, एवढं पक्कं.

१८ मे, रविवार

फणसाचा अर्धा मीटर रंगवला. मेस्तकडून ताजा भुसा आणला, पैसे घेतले नाहीत. कापडाइतक्याच वजनाचा भुसा रात्रभर भिजवला, तासभर उकळला, गाळला, मग तुरटी दिलेलं कापड त्यात पाऊण तास ठेवलं. भांड्यातला रंग सुरेख पिवळा, कापड मात्र वाळलेल्या शेवाळासारखं.

भांड्यावर संशय आला. टोप ॲल्युमिनियमचा जुना होता. शेजारणीकडून स्टीलचा मोठा टोप आणून पुन्हा केलं. तेच शेवाळ. तुरटीवर संशय आला, दुसऱ्या दुकानातून आणली. तेच. भुशात सागवान मिसळलं असेल म्हणून मेस्तला पुन्हा गाठलं. त्याने माझ्यासमोर फणसाची फळी करवतीखाली घातली. तरीही तेच. या सगळ्यात दीड मीटर कापड आणि आठ दिवस गेले.

२६ मे, सोमवार

पाऊस लागला. यंदा दहा-बारा दिवस आधीच आला. माझा सगळा हिशेब असा होता की हिरडा आणि तुरटीची कामं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उन्हात सुकवून घ्यायची. आता पडवीत दोऱ्या बांधायच्या आणि पंखा लावायचा. मडक्यातलं लोखंडाचं पाणी तयार झालंय, वास उग्र, रंग फिकट तपकिरी. गाळून बाटलीत भरलं.

३ जून, मंगळवार

उत्तर सापडलं, आणि तेही भांडी घासताना. हिरडा कालवलेली वाटी मागच्या दारी विहिरीच्या पाण्याच्या बादलीत विसळली. बादलीतलं पाणी बघता बघता पाटीसारखं करडं झालं. पुतणीला हाक मारली. तिने तीन काचेचे पेले घेतले. एकात विहिरीचं पाणी, एकात नळाचं, एकात पागोळ्यांखाली धरलेलं पावसाचं. तिन्हींत हिरड्याच्या काढ्याचा एकेक चमचा. दहा मिनिटांत विहिरीचा पेला करडा, नळाचा किंचित मळका, पावसाचा गवताच्या काडीसारखा पिवळा.

विहिरीच्या पाण्यात लोह आहे. आमची विहीर चिऱ्यांत, म्हणजे जांभ्या दगडात, खणलेली. चिऱ्याला तांबडा रंग येतो तोच मुळी लोहाच्या गंजाने. पाणी काढल्यावर निवळशंख दिसतं, पण घागरीत दोन दिवस राहिलं की तळाला तांबूस साका बसतो. हा साका मी लग्न होऊन आल्यापासून घासत्ये आणि तरी सुचलं नाही. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह भेटले की काळं होतं. ज्या गोष्टीसाठी मी मडक्यात खिळे कुजवत होते, तीच गोष्ट माझ्या प्रत्येक टोपात न सांगता चालली होती. फणसाच्या पिवळ्यात लोह गेलं की तो शेवाळी होतो. पुतणीने कागदाची पट्टी बुडवली. पाणी आम्लही आहे, पीएच साडेपाचच्या आसपास.

कोकणपट्टीत चिऱ्याची विहीर असलेल्या कुणीही रंगकाम करायचं तर कापड घेण्याआधी हे तीन पेले मांडावेत. पाच रुपयांच्या हिरड्यात होतं.

८ जून, रविवार

पावसाचं पाणी साठवायला दोन पिंपं लावली. उत्साहात पहिलं पिंप गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवलं, कारण तिथे पन्हळ आधीच होती. पेल्याची परीक्षा केली तर पाणी पुन्हा करडं: पत्रा गंजलेला. ओतून दिलं. आता पिंपं घराच्या कौलांखाली. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, कारण कौलांवरचं शेवाळ आणि पालापाचोळा त्यात येतो. मग तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधायचं. फडकं नसेल तर दुसऱ्या दिवशी डासांच्या अळ्या.

१५ जून, रविवार

पावसाच्या पाण्यात पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. चाचणीचा तुकडा. हिरडा कापडाच्या वजनाच्या २० टक्के, तुरटी १५ टक्के, तुरटीच्या पाण्यात चिमूट चिमूट धुण्याचा सोडा (तुरटीच्या आठव्या हिश्शाइतका, फेस येतो, भांडं मोठं घ्यावं). मग फणस.

पिवळा आला. पिकल्या फणसाच्या गऱ्याचा पिवळा, लाकडाने फळाचाच रंग द्यावा तसा. सासूबाईंनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाल्या, “गो, हा देवाकडे शोभतो.” त्या दिवशी आणखी काही काम झालं नाही.

२२ जून, रविवार

मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानातून अर्धा किलो, ४२० रुपये. मुळांचे तुकडे कुटून रात्रभर भिजवले. फणस उकळून चांगला आला म्हणून हीही खदखदून उकळली. कापड विटेच्या रंगाचं, तेही जुन्या विटेच्या. पाऊण तासात शंभर ग्रॅम मुळं वाया.

याच आठवड्यात शाळेतली मुलं सागवानाची कोवळी पानं चोळून तळहात लाल करून आली. कापडावर करून पाहिलं. मळकट जांभळा आला. छान आहे, पण माझ्या पडद्यात त्याला जागा नाही.

२९ जून, रविवार

दोन बदल केले. एक, आच. ३५० रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला आणि पाणी ६५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. दीड तास चुलीपुढे बसून एकेक लाकूड मागे ओढत राहिले. जास्त तापलं की मुळांतले तपकिरी रंगही बाहेर पडतात.

दोन, चुना. मंजिष्ठेला पाण्यात कॅल्शियम लागतं. आमच्या पाण्यात नको ते आहे आणि हवं ते नाही. पावसाच्या पाण्यात तर दोन्ही नाही, त्यामुळे कॅल्शियम आपणच घालायचं. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालू म्हटलं तर सासूबाईंनी साफ नकार दिला. देवामागच्या कापडाला मासळीचं काही लागता कामा नये. त्यांचं म्हणणं मला पटलं. पानाचा चुना ताटात पातळ पसरून काही दिवस उघडा ठेवला होता, तो हवेने मुरून खडूसारखा झाला. पुतणीने त्यावर व्हिनेगर टाकलं, फसफसला. म्हणजे चुन्याची चुनखडी झाली. ओला चुना थेट घालू नये, पाणी फार खारं (अल्कधर्मी) होतं आणि रंग जांभळटाकडे जातो.

अडीचशे ग्रॅम मुळांना एक चमचा ही भुकटी. पहिल्या वीस मिनिटांत केशरी, मग हळूहळू लाल चढत गेला. रात्रभर त्याच पाण्यात थंड होऊ दिलं. सकाळी काढलं तेव्हा पिकलेल्या सुपारीच्या सालीपेक्षा गडद, कुंकवाच्या जवळ. दीड मीटर लाल पूर्ण.

६ जुलै, रविवार

मधल्या अडीच मीटरला हिरडा दिला, या वेळी म्हशीच्या दुधात कालवून. आधीच्या चाचणीत लोखंडाच्या पाण्याची रेघ शाईसारखी फुटत होती. दुधाच्या स्निग्धाने ती जागच्या जागी राहते. श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर हिरडा-दूधच वापरतात.

सुकवायला पडवीत जागा नव्हती म्हणून कापड मागच्या तारेवर टाकलं. तासाभराने बघते तर कापडाच्या मधोमध आडवी, सरळ, कोळशासारखी काळी रेघ. तार लोखंडी. महिनाभर लोहाच्या मागे लागलेली मी, आणि ओलं हिरड्याचं कापड स्वतःच्या हाताने तारेवर टाकलं.

७ जुलै

लिंबू चोळलं, डाग फिका झाला, गेला नाही. सासूबाई म्हणाल्या, “बिंबलं चोळ. गंजाचा डाग त्यानेच जातो.” परसातल्या झाडाची दहा बिंबलं ठेचून रस लावला. दहा मिनिटांत रेघ पुसली गेली. पुतणीने कारण सांगितलं: बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते लोहाला धरून पाण्यात ओढून नेतं. सासूबाईंना नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं. मला दोघींचं बोलणं ऐकताना फार बरं वाटलं.

कापड एकदा पाण्यातून काढलं. एकदाच. हे पुढे नडलं.

१३ जुलै, रविवार

रेखाटन. लोखंडाच्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून घालायचं, पळीवाढी दाटपणा हवा. पातळ राहिलं तर ओघळतं, घट्ट झालं तर ब्रश अडतो.

या कामाचं वर्णन केल्याशिवाय राहवत नाही. ब्रशातून उतरते ती रेघ फिकट तपकिरी, दिसेल न दिसेल अशी. पुढची रेघ काढेपर्यंत मागची करडी होते, आणि एक फळ पुरं होईपर्यंत काळी. हात जिथे आहे तिथलं चित्र दिसत नाही, मागे सोडलेलं दिसतं. पंचवीस वर्षं रंगवते आहे, पण हाताच्या मागून चित्र उगवताना कधी पाहिलं नव्हतं. पुतणी शेजारी बसून नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, “काकी, आमच्या प्रयोगवहीत हे एका ओळीत संपतं.”

पाच तासांत नारळ, शिप्टं आणि आंबाडे झाले. मग कवंडळांच्या वेलीवर आले, ती नेमकी तारेचा डाग होता त्या पट्ट्यातून जाते. तिथे रेघ करडीच राहिली. तासभर वाट पाहिली, तशीच. बिंबलाचं आम्ल कापडात उरलेलं होतं. ते नव्या लोहालाही काळं होऊ देत नव्हतं.

२० जुलै, रविवार

दुरुस्ती. त्या पट्ट्यावर धुण्याच्या सोड्याचं अगदी सौम्य पाणी स्पंजाने फिरवलं, तीन वेळा साध्या पाण्याने टिपून घेतलं, वाळवलं, पुन्हा हिरडा-दुधाचा हात दिला, पुन्हा वाळवलं. पावसात या वाळवण्यालाच चार दिवस लागले, दुधाचा आंबूस वास घरभर. वेल नव्याने काढली. आता काळी आहे, बारकाईने पाहिलं तर शेजारच्या रेघांपेक्षा एक छटा कमी. तशीच ठेवली.

लोखंडाची रेघ जाड काढायचा मोह टाळावा. लोह वर्षांनुवर्षं सुती धागा खातं. जुन्या कापडांत काळ्या भागालाच आधी भोकं पडलेली दिसतात.

२७ जुलै, रविवार

मधला भाग पूर्ण. तुरटी दिली, तीन दिवस वाळू दिलं, मग शेणपाण्यातून काढलं. धाग्याला न धरलेली तुरटी यात सुटून जाते. नाहीतर ती रंगाच्या टोपात सुटते, रंग तिलाच लागतो आणि कापड डागाळतं. शेणाचं माप सासूबाईंनी सांगितलं: सारवणाला घेतो त्याच्या चौथा हिस्सा दाट. पावसाचं कोमट पाणी, अर्धा तास, हात न थांबवता. मग स्वच्छ धुवून फणसात.

पिवळ्यावर काळी रेघ सुटून दिसली. रेघांच्या अगदी कडेला शेवाळी छटा आली आहे, तिथे थोडं लोह सरकलं असणार. मला ती आवडली.

३ ऑगस्ट, रविवार

हिरव्यासाठी आधी निळा. नीळ (इंडिगो) १०० ग्रॅम, ३८० रुपये. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिला चुना आणि गूळ देऊन ‘उतरवावी’ लागते. मापं सोपी: नीळ एक, चुना दोन, गूळ तीन. ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम चुना, १५० ग्रॅम गूळ, प्लास्टिकच्या बादलीत वीस लिटर.

दोन चुका झाल्या. पहिली, पाणी कोमटही नव्हतं. संध्याकाळपर्यंत बादली निळीच, म्हणजे काहीच घडलं नाही. तरी एक तुकडा बुडवला. निळा आला आणि धुताना सगळा हाताला.

दुसरी चूक मोठी. बाजूच्या दोन्ही मीटरना मी आधीच तुरटी देऊन ठेवली होती, वेळ वाचेल म्हणून. चुन्याच्या खाऱ्या पाण्यात तुरटीचा हात सुटून जातो. निळा आधी, हिरडा-तुरटी नंतर, पिवळा शेवटी, असाच क्रम हवा. ६० रुपयांची सामग्री आणि एक आठवडा गेला.

४ ऑगस्ट

बादली उकळत्या पाण्याच्या घंगाळात ठेवली, आतलं पाणी ५० अंशांपर्यंत नेलं, १०० ग्रॅम गूळ आणखी घातला, हवा जाऊ नये अशा बेताने तळापासून ढवळलं. गोणपाटात गुंडाळून रात्रभर चुलीशेजारी ठेवली. पहाटे झाकण काढलं: वर तांब्यासारखी चकाकती साय, खालचं पाणी चहाच्या रंगाचं. असं दिसलं की नीळ उतरली.

१० ऑगस्ट, रविवार

चार बुडव्या, प्रत्येकी आठ मिनिटं, मध्ये पंधरा मिनिटं हवा. कापड पाण्यातून निघतं तेव्हा हिरवट पिवळं असतं, डोळ्यांसमोर निळं होत जातं. कापड पाण्याखाली सारखं हलवत राहावं. एका मीटरवर घडी राहिली तिथे पांढुरकी रेघ आली आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

निळ्यावर हिरडा, तुरटी, शेणपाणी, फणस. हिरवं आलं, पावसातल्या भाताच्या रोपांपेक्षा गडद. पांढुरकी घडी आता पिवळी दिसते. तिथे शिवण घालणार आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

शिवण. लाल पट्ट्या दोनदा पाण्यातून काढून मगच जोडल्या, दोन्ही वेळा पाणी स्वच्छ निघालं. हिरव्याला कोरड्या रुमालाने घासलं तर थोडा निळा लागतो; रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतल्यावर कमी झाला. साबण लावला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल चवथ झाली, आज दीड दिवसाचं विसर्जन. माटोळी पडद्यासमोर बांधली तेव्हा खरी कवंडळं आणि काढलेली कवंडळं एका रेषेत आली. ते ठरवून केलं नव्हतं. समईच्या उजेडात फणसाचा पिवळा जितका खुलतो तितका दिवसा खुलत नाही, हे मला आधी ठाऊक असतं तर चाचण्या रात्रीही पाहिल्या असत्या. आरतीच्या वेळी तेलाचा एक शिंतोडा डाव्या हिरव्यावर उडाला.

३१ ऑगस्ट, रविवार

तेलाचा डाग रिठ्याने गेला, रंगाला धक्का नाही. पडदा सुती धोतरात गुंडाळून ठेवला, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

खर्च: कापड १,९२०, हिरडा ६०, तुरटी ४०, मंजिष्ठा ४२०, नीळ ३८०, थर्मामीटर ३५०, दूध-गूळ-चुना १५०, ब्रश १८०, सोडा आणि रिठे ११०. एकूण ३,६१० रुपये. भुसा, पानं, बिंबलं, शेण आणि पाणी फुकट. वाया गेलेलं कापड दीड मीटर. वेळ अठरा रविवार आणि मधले कितीतरी संध्याकाळचे तास. त्यातले पाच आठवडे एकट्या विहिरीच्या पाण्यापायी.

विहिरीचं पाणी तीन दिवस परातीत उघडं ठेवून, साका बसल्यावर वरचं पाणी वाळूतून गाळलं आणि पेल्याची परीक्षा पुन्हा केली. करडेपणा बराच कमी, पण आहे. पाऊस नसताना तपकिरी आणि काळ्या कामाला ते चालेल, पिवळ्याला नाही. कौलांखालची दोन्ही पिंपं भरून झाकून ठेवली आहेत. दसऱ्यानंतर झेंडूची फुलं येतील, तोपर्यंत ती उघडायची नाहीत असं घरात सगळ्यांना सांगितलं आहे.